ज्या कागदावर माझी सही नाही

गुढियारी, रायपूर
४ फेब्रुवारी २०२४

प्रशिक बेटा,

जय भीम. पाकिटावर माझं अक्षर पाहून तुले वाटलं असेल, कोणी गेलं का काय. कोणी गेलं नाही. सगळे बरे आहेत. फोन मी केला होता, दोनदा. तू उचलला नाहीस. कामात असशील. पत्र बरं, ते कामाच्या मधात येत नाही.

प्रफुल्ल घर विकून राहिला.

परवा सकाळी माझ्याकडे शिलाई शिकणाऱ्या पोट्ट्या यायच्या आधी तो समोरच्या खोलीत आला अन् कटिंगच्या टेबलाले टेकून उभा राहिला. तुले माहीत आहे, त्याले काही कठीण बोलायचं असलं की तो बसत नाही.

"आत्या, घर निकाल रहे हैं," म्हणाला. "बिल्डरशी बोलणं झालं. पूरा प्लॉट घेतो म्हणते."

"अन् मी?"

"तू आमच्यासोबत. नवा रायपूरच्या बाजूले फ्लॅट पाहिला आहे. हॉलमधे तुझ्यासाठी दीवान टाकू."

"अन् मशीनी?"

तो मशीनीकडे पाहत राहिला. मी म्हटलं, "अरे, माझा दादा, तुझा बाप गेल्यावर तुम्ही दोघा भावांनी वाटणीचा बटवारानामा केला, रजिस्टरी केली. त्याच्यात लिहिलं आहे ना, समोरची खोली कमला आत्याची, ती जिवंत आहे तोवर तिले कोणी हलवायचं नाही, शिलाईचा क्लास इथंच चालंल. हे तर तूच मले वाचून दाखवलं होतं."

तर म्हणतो, "लिखा तो हम दोनों ने है ना, आत्या. तूने थोडी."

रागानं नाही म्हणाला. हळू म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

त्याच्यावर चिडू नको. तो वाईट नाही. काही तरी झालं आहे त्याले, सांगत नाही. सकाळी प्लांटच्या टायमाले निघतो अन् दुपारीच वापस येतो. तुझी वहिनी रुचिता पण माझ्याशी कमी बोलते. मी विचारलं तर दोघं म्हणतात, काही नाही.

तुमचं दोघा भावांचं चार वर्षांपासून बोलणं नाही, त्याच्यात मी पडत नाही. दादाच्या आजारात तू आला नाहीस असं तो म्हणतो, तुले कळवलंच नाही असं तू म्हणतोस. दोघांचं ऐकून ऐकून मी थकली. पण सही करताना तू जे बोलला होतास, ते मले आठवते. "घर पूरं तू ठेव, मले काही नको, पण आत्याले कोणी हलवलं तर पाहून घेईन." म्हणून लिहून राहिली. तू एकदा ये. नाही तर त्याले एक फोन कर. सही तुझी आहे, तुझं त्याले ऐकावं लागंल.

मी मजेत आहे.

तुझी आत्या,
कमला


२५ फेब्रुवारी

प्रशिक बेटा,

तुझं उत्तर आलं नाही. पत्ता बदलला का? बटवारानाम्यावर जो पत्ता होता, तोच टाकला मी.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की मी मजेत आहे. तितकी नाही. बिल्डरचा माणूस येऊन टेप लावून गेला. माझ्या खोलीत पण लावली. तेव्हा दोन पोट्ट्या ब्लाउजची बाही लावून राहिल्या होत्या. तो त्यांले म्हणाला, "जरा हटिए." त्या मशीनी सोडून भिंतीले चिपकून उभ्या राहिल्या. मी नाही हटली. माझ्या खुर्चीच्या मागून त्याले टेप न्यावी लागली.

त्यातल्या एकीची मावशी कोर्टात टायपिंग करते. तिनं एका वकीलबाईचं नाव दिलं, शर्मिष्ठा मॅडम. बूढापाऱ्यात दुकानांच्या वरती तिचं ऑफिस आहे, जिना असा की माझ्या गुडघ्यानं शिव्या घातल्या. वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, बंगाली आहे, पण मराठी समजते. मी बोलली मराठीत, ती बोलली हिंदीत, काम चाललं.

तिनं आधी प्रफुल्लले नोटीस पाठवली. त्याच्या वकिलाचं उत्तर आलं. म्हणजे पाहा, एकाच घरात दोन खोल्यांच्या मधात वकिलांची कागदं फिरून राहिली. त्याच्यात लिहिलं होतं की नत्थू मेश्राम यांची बहीण कमलाबाई ह्या करारातल्या पक्षकार नाहीत, म्हणून करारावरून त्यांले काही मागता येत नाही.

मी तिले म्हटलं, "मॅडम, कागद माझ्या राहण्याचा, अन् मीच त्याच्यात कोणी नाही, असं कसं?"

ती हसली नाही. म्हणाली, "आंटी, कानून की मोटी बात यही है. करार ज्यानं केला, त्यानंच मागायचं." मग एक उदाहरण दिलं. समजा मुलीच्या बापानं हलवाईशी ठरवलं, वरातीले जेवण चांगलं पाहिजे. जेवण खराब निघालं. हलवाईवर दावा बाप करील. वरातीतला पाहुणा नाही करू शकत, जेवण त्याच्याच ताटात पडलं असलं तरी.

"मी काही वरातीतली नाही," मी म्हटलं. "ह्या दोघा भावांची आई गेली तेव्हा लहाना वर्षाचा पण नव्हता. दोघांले मी वाढवलं. त्याच घरात."

"वही तो," ती म्हणाली अन् पेन खाली ठेवला. म्हणते, ह्या नियमाले एक दार आहे. घरच्या लोकांनी आपसात वाटणी केली अन् त्याच्यात घरातल्याच एखाद्या बाईच्या राहण्याची, सांभाळायची सोय लिहिली, तर सही नसली तरी ती बाई स्वतःच्या नावानं मागू शकते. कोर्टांनी हे जुन्या काळापासून मानलं आहे. "पर आसान रास्ता दूसरा है," म्हणाली. "आपका छोटा भतीजा. उसकी साइन है. वो खड़ा हो जाए, तो बात ही खतम."

मी म्हटलं, तो उभा राहील.

लवकर लिही.

कमला आत्या


१७ मार्च

प्रशिक,

तुझं पत्र मिळालं नाही. तुझी सही मिळाली.

मंगळवारी प्रफुल्ल आंगणात फोनवर बोलून राहिला होता. मी खोलीत काज करत होती. अचानक तो हसला. पोटातून. दादा गेल्यापासून त्याचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. मग "अबे प्रशिक" असं कानावर पडलं, अन् माझी सुई थांबली. तुम्ही दोघं किती वेळ बोलत होते रे. लहानपणी विहाराच्या मागच्या मैदानातून दोघं एका सायकलवर पडत-झडत यायचे, तसं बोलणं. मले वाटलं, माझं पत्र पोचलं. मी उठून रव्याचा शिरा केला, अन् रुचिताच्या हातात वाटी दिली. तिनं घेतली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी कुरियर आलं. प्रफुल्लनं तो कागद आणून माझ्या टेबलावर ठेवला. तुम्ही दोघांनी मिळून बटवारानाम्यातली माझ्यावाली अट रद्द केली. खाली त्याची सही, बाजूले तुझी. लहानपणी पाटीवर "प्र" ची शेपटी लांब ओढायचास, ती अजून तशीच आहे.

"आत्या, प्रशिक तुले बंगलोरले नेतो म्हणते," प्रफुल्ल म्हणाला. "लिफ्टवाली बिल्डिंग आहे. तेरे घुटने का भी इलाज हो जाएगा. आता तर कोई दिक्कत नहीं?"

तो खरंच खुश होता. त्याले वाटलं, सगळ्यांचं भलं झालं. तुलेही तेच वाटलं असेल. मी तुले वाईट समजत नाही. पण एक सांग, ही सही करायच्या आधी मले एक फोन लावायले काय झालं होतं? पंधरा मिनिटं लागली असती. भावाशी तासभर बोललास.

तू म्हणशील, मी तुले आसराच तर देऊन राहिलो. अरे, आसरा मले नको होता. मले माझी खोली पाहिजे होती. तिथं मी कोणाच्या घरी राहत नाही, पोट्ट्या माझ्या घरी येतात. बंगलोरात मी काय करू? तुझी बायको गंधाली चांगली आहे, फोटोत दिसते तशीच असेल. पण तिले तरी तू विचारलंस का, की माझी आत्या कायमची येऊन राहील? माझा अंदाज आहे, नाही विचारलं.

तुम्ही दोघं बोलायले लागले, ह्याचा मले आनंद आहे. हे मी रागात नाही लिहून राहिली. चार वर्षं मी हेच मागत होती. फक्त मले माहीत नव्हतं की तुम्ही एकत्र याल ते मले काढायले.

कमला


२ एप्रिल

प्रशिक,

हे पत्र मुद्दाम लिहून राहिली. कोर्टाचं समन्स तुझ्या दारात येईल, त्याच्या आधी तुले माझ्याकडून कळावं.

मी दावा टाकला आहे. प्रफुल्लवर, अन् तुझ्यावर. शर्मिष्ठा मॅडमनं विचारलं, छोट्याचं नाव टाकायचं का? मी म्हटलं, लागत असलं तर टाका. ती म्हणाली लागते, रद्द करणारे दोघं आहेत. तिनं टाइप केलेल्या कागदावर "विरुद्ध" शब्दाच्या खाली तुमची दोघांची नावं एकाखाली एक होती. ती वाचली अन् मी पाणी मागितलं.

सोपं नाही हे. मॅडम म्हणाली, ज्यांनी करार केला ते दोघं मिळून मोडू पण शकतात, समोरचा वकील हेच म्हणील. आपल्याले हे दाखवावं लागंल की कागद नुसता कागद नव्हता. तो मले सांगितला होता, मी त्याच्यावर विसंबली, त्याच्या भरवशावर काही सोडलं.

"आपने कुछ छोड़ा था?" तिनं विचारलं.

मी आधी नाही म्हटलं. मग आठवलं. बटवारानामा झाल्याच्या सहा महिन्यांनी तेलीबांध्याच्या महिला केंद्रानं मले बोलावलं होतं. शिकवायचं काम, अन् वरती राहायले खोली. मी नाही म्हटलं होतं. माझी जागा पक्की आहे, ती खोली कोणा गरजू बाईले द्या, असं सांगून आली. केंद्राच्या बाईले हे आठवते. ती कोर्टात सांगायले तयार आहे.

प्रफुल्ल माझ्याशी बोलत नाही. जेवण मी वेगळं करते. काल त्याची पोट्टी शाळेचा स्कर्ट घेऊन आली, हेम उसवली होती. मी लावून दिली. ती म्हणाली, "बड़ी आत्या, आपने पापा पे केस किया?" मी म्हटलं, हव, केला. "क्यों?" म्हटलं, कारण तुझे पापा माझं ऐकत नव्हते, अन् जज साहेबाचं ऐकतील. ती हसत पळाली. मले नाही हसू आलं.

तू तारखेले येशील तर जेवून ये. तिथलं कँटीन काही ठीक नाही.

तुझी आत्या


१९ मे

प्रशिक बेटा,

काल तू कोर्टातून तसाच स्टेशनवर गेलास. मी समजली. माझ्यासमोर उभं राहायची तुझी हिंमत झाली नसेल. माझी पण नव्हती. तू बारीक झाला आहेस, एवढं मात्र पाहिलं.

तू सगळं समोर पाहिलंस. तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवते, कारण मी कुठं बसली होती तिथून ते वेगळं दिसत होतं.

तुमच्या वकिलानं म्हटलं, "हुजूर, ये महिला इस करार के लिए अजनबी हैं." कायद्याचा शब्द असेल. त्याची काही चूक नाही. पण अजनबी म्हटल्यावर मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. तुमच्या दोघांकडे पाहिलं. प्रफुल्ल छताकडे पाहत होता. तू आपल्या चपलांकडे.

मग जज साहेबानं मलेच विचारलं. "माताजी, ही अट तुम्हाले कधी कळली?"

"ज्या दिवशी लिहिली त्याच दिवशी, साहेब."

"किसने बताया?"

"ह्या दोघांनीच. रजिस्टरी करून आले अन् माझ्या दोन्ही बाजूले येऊन बसले. मोठ्यानं वाचलं. लहान्यानं म्हटलं, आत्या, आता तुले कोणी उठवणार नाही."

खोलीत पंखा चालू होता, तरी गरमी होती. जज साहेबानं लिहिणं थांबवून विचारलं, "ये बात सही है?" प्रफुल्लचा वकील उठायच्या तयारीत होता. अन् तू बोललास. कोणी तुले बोलायले सांगितलं नव्हतं. "हाँ सर," म्हणालास. "सही है. मैंने ही कहा था."

त्या एका वाक्यानं तुझी बाजू कमजोर झाली, हे तुले पण समजत होतं. बेटा, चार वर्षांचं मले काहीही वाटलं असो, त्या एका वाक्यासाठी मी तुले सगळं माफ केलं.

हुकूम मॅडमनं समजावून दिला. फैसला नाही, फैसल्याले वेळ आहे. पण तोवर घर विकता येत नाही, खोलीले हात लावता येत नाही. साहेबानं लिहिलं आहे की घरच्या वाटणीत ज्या बाईची सोय केली, तिले सांगितली अन् तिनं त्याच्यावर भरवसा ठेवला, तिची सोय तिले न विचारता मोडता येते असं सध्या तरी दिसत नाही.

मी जिंकली म्हणून कोणाले पेढे वाटले नाहीत.

घरी आली तर प्रफुल्ल माझ्या खोलीत खुर्चीवर बसून होता. उभा नाही, बसून, म्हणून मुद्दाम लिहिते. म्हणाला, "आत्या, प्लांट बंद झाला. दिवाळीपासून घरीच आहे. रोज डब्बा घेऊन निघतो अन् रेल्वेच्या माल धक्क्यावर जाऊन बसतो." मग रडला. मोठा माणूस रडला की खोली लहान होते रे. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, बाबू, हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर!

तुझी आत्या


१४ जुलै

प्रशिक बेटा,

परवा सह्या करून तू गेलास, अन् गाडी सुटल्यावर आठवलं की मी तुले पूरी गोष्ट सांगितलीच नाही. तुले वाटते समझोत्याची युक्ती माझी. माझी नाही. रुचिताची आहे.

प्रफुल्लनं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिच्या सैपाकघरात जाऊन बसली. बऱ्याच महिन्यांनी. ती मिरच्या निवडत होती. मी म्हटलं, "तू मले सांगायचं ना, ह्याचं काम गेलं म्हणून."

"उन्होंने कसम दी थी," म्हणाली. मग निवडता निवडता थांबली. "आत्या, आप कोर्ट गईं तो मुझे बहुत गुस्सा आया. मग समन्स वाचलं. त्याच्यात तुमचं नाव होतं. मैंने सोचा, मैं तो किसी कागज में हूँ ही नहीं. इन्होंने घर बेचने का मुझे भी बिल्डर के आने के बाद बताया."

मी तिच्या मिरच्या निवडायले घेतल्या. इतके दिवस मी त्या घरात एकटीच बाहेरची आहे असं समजून बसली होती.

मग तिनंच सांगितलं. मागच्या आंगणाचा अर्धा भाग अन् दादाची ती टिनाची शेड मोकळी पडली आहे. गुढियारीत माल ठेवायले जागा पाहणारे व्यापारी रोज फिरतात. शेड गोदाम म्हणून भाड्यानं द्यायची, प्रफुल्लनं तिथंच ट्रान्सपोर्ट बुकिंगचं काम सुरू करायचं. माल धक्क्यावर बसून बसून त्याच्या ओळखी झाल्याच आहेत. घर विकायची गरजच नाही. तिनं हे त्याले होळीच्या आधी सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नव्हतं. आता मी अन् तिनं मिळून सांगितलं, तर ऐकलं.

म्हणून जेव्हा शर्मिष्ठा मॅडम म्हणाली, समझोत्यात तिघांच्या सह्या, तेव्हा मी म्हटलं, चार. मॅडमनं विचारलं, "रुचिता का क्या हक लिखें?" मी म्हटलं, लिहा, हे घर तिच्या मर्जीशिवाय विकता येणार नाही. रुचिताच्या हातातला पेन थांबून राहिला, तू पाहिलंस ना? तुले वाटलं असेल, तिले सही येत नाही का. बी.कॉम. आहे ती. तिले रडू येऊन राहिलं होतं.

रजिस्टरीच्या ऑफिसातला बाबू कुरकुरला, "इनकी जरूरत नहीं है." तेव्हा प्रफुल्ल म्हणाला, "है." बस, एवढंच. बिल्डरले तोच जाऊन सांगून आला. बिल्डरनं खूप सुनावलं म्हणे. त्यानं ऐकून घेतलं.

आता माझं. आयुष्यभर मजुरीच्या पावतीवर, शाळेच्या प्रगतीपुस्तकावर तुमच्या बापाच्या ऐवजी, राशनच्या दुकानात सह्या केल्या. पण "मले हे मान्य आहे" असं लिहून त्याच्या खाली मी पहिल्यांदा सही केली. बाबूनं अंगठ्याचा ठसा पण घेतला. ती शाई साबणानं निघता निघत नव्हती. दुसऱ्या दिवशी क्लासच्या एका पोट्टीच्या पांढऱ्या कापडाले लागली, तिले नवं कापड द्यावं लागलं.

क्लास चांगला चालून राहिला. दोन नव्या आल्या. एक तर कैची उलटी धरते.

अन् काल रात्री जेवण झाल्यावर गंधालीचा फोन आला. तू घरी नव्हतास म्हणे. माझा नंबर तुझ्याकडून नाही, रुचिताकडून घेतला. तिचं मराठी पुण्याचं, माझं असं. मग ती म्हणाली, "आत्या, प्रशिकनं मार्चमध्ये ठरवलं होतं तुम्हाला इकडे आणायचं, मला नंतर सांगितलं. मला ते आवडलं नव्हतं. तुमचा राग नव्हता, त्याचा होता. आता मी विचारते. थंडीत थोडे दिवस याल का आमच्याकडे? यावंसं वाटलं तरच."

मी म्हटलं, विचार करून सांगते.

खरं सांगू? उत्तर तर माझ्या तोंडात तयार होतं. पण कोणी असं विचारल्यावर थोडा वेळ घ्यायचं सुख असते, हे मले इतक्या वयात पहिल्यांदा समजलं. म्हणून तिले आजचा दिवस थांबू दे. तू सांगून टाकू नको. उद्या मीच फोन करते तिले.

तुझी आत्या,
नत्थू मेश्राम यांची बहीण कमलाबाई नाही, नुसती
कमला मेश्राम